परदेशातील श्रोत्यांसाठी एक सूचना

त्या दिवशी बाबांच्या आवाजात खोट म्हणून नव्हती. असती तर ती सगळ्यात आधी तिला कळली असती.

तिकडची, घरची सकाळ म्हणजे इकडची, परदेशातली दुपार. जेवणाची सुट्टी संपवून ती खिडकीजवळच्या आपल्या बाकावर येऊन बसली होती आणि कुणा एका आजोबांच्या वरच्या कवळीचे दात मेणात बसवत होती. तिचा धंदाच तो. दंतवैद्य माप घेऊन पाठवतात आणि ती काम करते त्या प्रयोगशाळेत त्या मापावरून कवळ्या तयार होतात. प्रयोगशाळा आपलं म्हणायचं. प्लास्टरची पोती, मेणाच्या लाद्या, छोटा बर्नर, पॉलिशच्या चाकाची घरघर आणि सगळ्यांच्या केसांवर पांढरी भुकटी. कवळीतल्या दाढा चावायच्या कामाच्या, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. कसोटी लागते ती पुढच्या दातांना. ते केसभर आत गेले की माणूस बोबडा बोलतो आणि केसभर बाहेर आले की घोडा हसल्यासारखा दिसतो.

डाव्या कानात तिनं इअरफोन घातला होता. उजवा कान मालकीणबाईंच्या हाकेसाठी मोकळा.

"नमस्कार, 'पहिली हाक' ऐकणाऱ्या सगळ्यांना," बाबा म्हणाले आणि नेहमीप्रमाणे श्वासभर थांबले. समोरच्यानं उलट नमस्कार करावा, एवढा वेळ ते नेहमी सोडत.

बाबा सरकारी रेडिओवर निवेदक होते. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण नवी मुलं टिकेनात म्हणून केंद्रानं त्यांना हंगामी निवेदक म्हणून परत बोलावलं आणि तो हंगाम काही संपेना. केंद्रावर त्यांना घड्याळमास्तर म्हणत. बातम्यांच्या आधीचं शेवटचं वाक्य ते असं संपवत की त्यांचा पूर्णविराम आणि घड्याळाचा टोल एकाच वेळी पडावा.

त्या दिवशी त्यांनी कुठल्या भागात पाणी येणार नाही ते सांगितलं, कुठली गाडी उशिरानं धावतेय ते सांगितलं, आणि मग ते कुलपांविषयी बोलले. कुलूप लावून झाल्यावर माणूस ते पुन्हा ओढून बघतो. का बघतो? लावलं कुणी, त्यानंच ना? मग स्वतःवरच एवढा अविश्वास? "आणि गंमत म्हणजे," बाबा म्हणाले, "जो कुलूप ओढून बघत नाही, त्याची बायको बघते."

ती हसली. हातातली मेणाची सुरी हलली आणि आजोबांचा एक दात वाकडा झाला.

"काय म्हणतोय आज तुझा माणूस?" शेजारच्या बाकावरून मावशीनं विचारलं. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. ही भलत्याच देशातली, भलत्याच भाषेची बाई, पण चेहरा असा की मनातल्या मनात दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

"सांगितलंय ना तुला, माझे वडील आहेत ते."

"वडिलांचं बोलणं कोण एवढं मन लावून ऐकतं? मला शिकवू नकोस. मी दोन लग्नं केलीत."

ती पुन्हा हसली, दात सरळ केला, आणि तेवढ्यात कानात बाबांचा आवाज बदलला. म्हणजे सूचना वाचताना तो जसा सपाट होत असे तसा झाला.

"परदेशातील श्रोत्यांसाठी एक सूचना. या महिनाअखेरीपासून आपल्या केंद्राचं प्रसारण ॲपवरून देशाबाहेर ऐकू येणार नाही. देशातील श्रोत्यांसाठी सेवा पूर्ववत सुरू राहील. परदेशातील श्रोत्यांना याबाबत काही कळवायचं असल्यास त्यांनी केंद्राच्या दूरध्वनीवर संपर्क साधावा."

सूचना कोरडी होती आणि त्यांनी ती कोरडीच वाचली. पण 'देशाबाहेर' या शब्दानंतर ते क्षणभर थांबले. तिथे थांबण्याची जागा नव्हती. उभ्या आयुष्यात भलत्या जागी न थांबलेला माणूस तिथे थांबला. ती सुरी हातात धरून बसून राहिली आणि सुरीवरचं मेण थिजलं.

आता कुणी विचारेल, वडील रेडिओवर बोलतात, मुलगी दूरदेशी बसून रोज ऐकते, तर फोन उचलून तसं सांगायला काय अडचण होती? अडचण अशी की त्यांच्या घराची एक रीत होती.

बाबांचं म्हणणं असं, की माइकसमोर बसलं की एकच श्रोता मनात धरायचा आणि तो अनोळखी हवा. ओळखीचं माणूस ऐकतंय म्हटलं की आवाजात लाडीगोडी शिरते. हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आई कौतुकानं म्हणाली, "आज छान बोललात हो." दुसऱ्या दिवशी बाबांनी भाजीचे भाव प्रेमपत्र वाचल्यासारखे वाचले आणि केंद्रावर महिनाभर त्यांची टिंगल झाली. तेव्हापासून कानाला खडा. घरात कुणी 'ऐकलं' असं म्हणायचं नाही. ऐकू नका, असं मात्र बाबा कधी म्हणाले नाहीत.

त्यामुळे आई ऐकायची. स्वयंपाकघरात, आवाज अगदी बारीक करून. बाबा परत आले आणि फाटकाची कडी वाजली की रेडिओ बंद. बाबा आत येऊन पाणी पीत तेव्हा रेडिओची पाठ अजून गरम असायची. ते त्याच्याकडे बघत नसत, आई त्यांच्याकडे बघत नसे. दादाला रेडिओचं वेड कधीच नव्हतं, तो सुटला. ती मात्र आईच्या पायाशी बसून ऐकायला शिकली आणि गप्प बसायलाही. आई गेली. ती कामासाठी परदेशी आली. माणसं परदेशी जाताना काय काय बांधून नेतात, तिनं ही रीत नेली.

रीत पाळायची तर कधी कधी खोटंही बोलावं लागतं. बाबांची जुनी कवळी गावातल्याच कुणी केलेली होती. टाळूचा भाग सपाट, त्यामुळे 'स' आणि 'श' म्हणताना बारीक शिट्टी वाजायची. साध्या बोलण्यात ती कळतही नसे, माइकवर मात्र कळे. 'शनिवार सायंकाळ' असं बाबा म्हणाले की हिला बाकावर बसल्या बसल्या दात शिवशिवल्यासारखं होई. सुट्टीत घरी गेली तेव्हा तिनं ओळखीच्या दंतवैद्याकडून बाबांचं नवं माप घेतलं, साचा सोबत आणला आणि आपल्या हातानं कवळी करून पाठवली. नवी पोचल्यावर जुनी कवळी तिनं नमुना म्हणून मागवून घेतली.

नवी घातल्यावर बाबांचा फोन आला. "इतकी वर्षं माझ्या मागे उभं राहून कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. गेला तो एकदाचा. पण तुला कसं गं कळलं?"

"फोनवर बोलता ना माझ्याशी," ती म्हणाली. "त्यात ऐकू यायची."

"फोनवर?" बाबा म्हणाले. "बरं."

त्या दिवशी, म्हणजे सूचना वाचली त्या दिवशी, संध्याकाळी ती घरी पोचते न पोचते तोच त्यांचा फोन आला.

"ठमे, जेवलीस?"

"इथे आत्ता संध्याकाळ झालीय, बाबा."

"म्हणजे नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या मुलीचं चांगलं भरतं, पण तिला जेवायला फुरसत नाही."

हा विनोद ते दर खेपेला करत आणि ती दर खेपेला "झालं तुमचं?" असं म्हणे. आताही म्हणाली. मग दादाची चौकशी झाली, वहिनीच्या गुडघ्याची झाली. मग बाबा थांबले.

"बरं, एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"तुमच्या तिकडे आपलं केंद्र कोणी ऐकतं का गं?"

ती चपला काढत होती. एक निघाली होती, एक पायात होती.

"म्हणजे आपली माणसं असतील ना तिकडे," बाबा म्हणाले. "भेटत असशील तू."

"असतील."

"त्यातलं कोणी?"

"विचारून बघते. का हो? काय झालं?" हे विचारताना तिनं आवाज अगदी बेताचा ठेवला. निवेदकाचीच मुलगी ती.

"काही नाही, वरचे म्हणतात बाहेर कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, असं कसं. पण नुसतं असं कसं म्हणून भागत नाही ना. कोणी फोनबिन केला तर बरं."

"विचारते मी."

"विचार. घाई नाही. म्हणजे आहे जराशी. आणि तू..."

"मी काय?"

"तू जेवत जा वेळेवर," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

ती दुसरी चप्पल काढून आत गेली. थोडं वाईट वाटलं, पण रीत मोडली नाही याचं बरंही वाटलं. आईनं हेच केलं असतं, असंही मनात आलं. केंद्राला फोन मात्र करायचा, असं तिनं ठरवलं. नाव न सांगता, कुणीतरी अनोळखी श्रोता म्हणून. उद्या नाहीतर परवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कानात इअरफोन घातला तर बाबा शिंप्यांविषयी बोलत होते. शिंपी दुसऱ्याच्या अंगाकडे कसा बघतो, चेहरा विसरतो पण खांदे विसरत नाही, असं काहीसं. छान चाललं होतं. 'शिंप्याच्या शिवणयंत्रापाशी' असं ते म्हणाले आणि तिच्या हातातली सुरी थांबली.

शिट्टी.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते धंद्यातलंच आलं. नवी कवळी हातातून पडली असणार. तोंड धुताना बेसिनमध्ये पडून मोडतात, रोज एक तरी तशी दुरुस्तीला येते. मोडली असेल आणि बाबांनी जुनी चढवली असेल. मला सांगायचं नाही, पोरीला वाईट वाटेल. हे सगळं एका क्षणात जुळलं आणि दुसऱ्या क्षणी विस्कटलं, कारण जुनी कवळी बाबांकडे नव्हतीच. तिनं बाकाचा खालचा खण ओढला. नमुन्यांच्या डब्यांत एक डबा बाबांचा होता. तिनं झाकण काढून पाहिलं. कवळी जागच्या जागी होती.

कानात बाबा म्हणत होते, "सुईत दोरा ओवताना शिंपी श्वास धरतो," आणि प्रत्येक स, प्रत्येक श शिट्टी वाजवत होता. हे आजचं बोलणं नव्हतं. कधीतरी वार-तारीख न घेता राखीव म्हणून करून ठेवलेला जुना भाग केंद्रानं लावला होता. आणि राखीव भाग केव्हा लावतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. निवेदक येऊ शकला नाही तरच.

बाबा येऊ शकले नाहीत, असं आजवर झालं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यातही ते केंद्रावर गेले होते.

"काय झालं? पांढरी पडलीस," मावशी म्हणाली.

ती बाहेरच्या जिन्यावर गेली. बाबांचा फोन वाजत राहिला. दादाचा लागेना, सारखा गुंतलेला. जिन्याच्या पायऱ्यांवर कुणीतरी प्लास्टर सांडून ठेवलं होतं, ती ते बुटाच्या टोकानं कोपऱ्यात सारत राहिली. शेवटी फोन लागला.

"दादा, बाबा कुठे आहेत?"

"तुला... तुला कोणी सांगितलं?"

"सांग ना."

"मी आत्ता करणारच होतो गं फोन. कसं सांगायचं ते जुळवत होतो." मग त्यानं सांगितलं. बाबा केंद्रावर निघाले होते. दाराशी बाकावर बसून बूट घालत होते. वहिनी आतून म्हणाली, छत्री राहिली. उत्तर आलं नाही म्हणून छत्री घेऊन ती बाहेर आली. एक बूट घालून झाला होता. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल.

"पण ठमे, तुला कसं कळलं?"

"वाटलं," ती म्हणाली.

दादा रडायला लागला. "रक्त आहे," तो म्हणाला. "दुसरं काय. रक्ताला कळतं."

ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तिच्यासाठी थांबणं जमलं नाही, हे दादानं दारातच सांगितलं आणि ती म्हणाली, ठीक आहे. घरात माणसं होती. सतरंजी, खुर्च्या, कुणीतरी सारखा चहा टाकत होतं. आत्यानं तिला जवळ घेतलं आणि आल्यागेल्याला ऐकवायला सुरुवात केली. "पोरीला तिकडे कळलं हो! कुणी सांगितलं नाही, फोन नाही, काही नाही. कामावर बसली होती आणि उठून उभी राहिली. बाबा कुठेत म्हणाली. आता बोला!" दुपारपर्यंत त्या गोष्टीत बाबांनी तिला हाक मारली होती. संध्याकाळपर्यंत ती हाक तिनं दोनदा ऐकली होती. शेजारचे काका म्हणाले, विज्ञानाला सगळंच कळत नाही.

ती ऐकत राहिली. खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरे होतं, आणि त्या घरात तेच वाक्य उच्चारायची सवय नव्हती.

पाहुणे पांगल्यावर दादा तिच्या खोलीत आला. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "हे दवाखान्यातून दिलं. मला टाकवतही नाही आणि ठेववतही नाही. तुझंच काम आहे, तूच घे."

तिनं रुमाल उघडला. कवळी डाव्या बाजूला जास्त झिजली होती. म्हणजे बाबा डावीकडूनच चावत. हे तिला ठाऊक नव्हतं. आवाजातून ते कळत नाही.

"चांगली बसली होती त्यांना," दादा म्हणाला. "सगळ्यांना दाखवायचे. लोक मुलीचा फोटो दाखवतात, बाबा दात दाखवायचे."

"पुरे रे," ती म्हणाली आणि दोघंही हसली, मग हसणं थांबल्यावर कुठे बघावं ते कळेना.

चार-पाच दिवसांनी केंद्रावरची ड्यूटी ऑफिसर भेटायला आली. तिच्यापेक्षा वयानं लहान, खांद्याला झोळी, बोलताना शब्दांचे शेवट नीट उच्चारणारी. बाबांनीच शिकवलेली असणार, हे पहिल्या वाक्यात कळलं. ती म्हणाली, महिनाअखेरीला 'पहिली हाक'च्या वेळेत सरांच्या आठवणींचा कार्यक्रम करतोय. घरचं कोणी दोन शब्द बोललं तर बरं होईल.

"मी?" दादा म्हणाला. "मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'हजर' म्हणतानाही घाम फुटतो. हिला न्या."

"मला नको," ती म्हणाली. "मला जमायचं नाही."

"बघा, आग्रह नाही," ड्यूटी ऑफिसर म्हणाली. वहिनीनं चहा आणला. कपात बघत ड्यूटी ऑफिसर पुढे म्हणाली, "तुम्ही परदेशात असता ना? त्याच दिवशी बाहेरचं प्रसारणही बंद होतंय. सरांनी फार जीव टाकला त्याच्यासाठी."

"बाहेरून कुणाचे फोन आले का?" तिनं विचारलं.

"आले की, दोन-चार. एकाला क्रिकेटचं समालोचन हवं होतं. एकानं विचारलं, पासपोर्टचं ऑफिस हेच का. सूचना वाचली त्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर सर टेलिफोनच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. विचारलं काहीच नाही. मी मान हलवली, तसे गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले, मी पुन्हा मान हलवली."

"मग वरचे काय म्हणाले?"

"त्याच्या आधीच साहेबांशी वाजलं होतं त्यांचं. मी तिथेच होते. साहेब म्हणाले, कोण ऐकतं हो बाहेर? तुमची स्वतःची मुलगी आहे ना तिकडे, ती तरी ऐकते का?" ड्यूटी ऑफिसर एकदम थांबली. आपण कुणासमोर बोलतोय ते तिच्या ध्यानात आलं असावं.

"मग?"

"सर म्हणाले, ती नाही ऐकत. पण तिच्यासारखी एखादी ऐकत असेल."

"ठमी आणि रेडिओ!" दादा सवयीनं हसला. वहिनीनं त्याच्याकडे बघितलं तसा गप्प झाला.

ती कपावरच्या सायीकडे बघत राहिली. फोनवर बाबा 'आणि तू' म्हणून थांबले होते. देशाबाहेर या शब्दापाशी थांबले होते. जन्मभर पाळलेली रीत त्यांनी स्वतः मोडायला घेतली होती. कुणी ऐकतं का, हे ते तिलाच विचारत होते, दुसऱ्या कुणाला नव्हे, आणि तिनं विचारून बघते म्हणून सांगितलं होतं. इतक्या आज्ञाधारकपणे सांगितलं होतं.

"किती वाजता यायचं?" तिनं विचारलं.

केंद्राची इमारत ती लहानपणापासून बाहेरून ओळखत होती. आत कधी गेली नव्हती, तेही रीतीतच बसत नव्हतं. लांब व्हरांडा, भिंतीला अर्ध्यापर्यंत तेलरंग, जुन्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. दादा सोबत आला होता, त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. स्टुडिओचं दार जाड होतं आणि ते मागे लागलं तसा बाहेरचा सगळा आवाज एकदम नाहीसा झाला. आत हिरवं कापड लावलेलं टेबल, माइक, भिंतीवर मोठं घड्याळ, समोर काच आणि काचेपलीकडे ड्यूटी ऑफिसर. खुर्चीवर एक चपटी उशी होती, मधोमध दबलेली.

"सरांची आहे," कानातल्या हेडफोनमधून ड्यूटी ऑफिसरचा आवाज आला. "काढू का?"

"राहू दे."

"लाल दिवा लागला की सुरू करायचं. अजून वेळ आहे. घाबरू नका, सगळेच घाबरतात."

तिनं आणलेला कागद समोर ठेवला. आदल्या दिवशी दादा आणि ती मिळून बसून लिहिला होता. बाबांची शिस्त, बाबांचा वक्तशीरपणा, श्रोत्यांचं प्रेम, केंद्राचे आभार. दादानं वाचून 'छान' म्हटलं होतं. त्यात चूक काहीच नव्हती.

"हे आज बाहेर जाईल ना?" तिनं विचारलं. "परदेशात?"

"आज जाईल. उद्यापासून नाही." ड्यूटी ऑफिसर पलीकडे काहीतरी फिरवत होती. "आता जरा काहीतरी बोला, म्हणजे तुमचा आवाज किती ठेवायचा ते बघते. हे कुठे जात नाही, फक्त मला ऐकू येतं. काहीही बोला. सकाळी काय खाल्लं ते सांगा, सगळे तेच सांगतात."

ती माइककडे बघत राहिली. सकाळी काय खाल्लं ते आठवेना. कागदावरचं पहिलं वाक्य वाचावं म्हणून तिनं मान खाली घातली, पण अक्षरं लागेनात. बाबा म्हणायचे तसा एक अनोळखी श्रोता मनात धरायचा प्रयत्न तिनं करून पाहिला. श्रोता एकच होता, ते बरोबर. अनोळखी मात्र नव्हता.

"बाबा, मी ऐकत होते," ती म्हणाली.

काचेपलीकडे ड्यूटी ऑफिसरचं लक्ष आवाज मोजणाऱ्या काट्याकडे होतं. "फारच हळू येतंय, ताई. पोचत नाहीये. जरा मोठ्यानं बोला."

तिनं खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, मी रोज ऐकत होते. आईबरोबर ऐकायचे, तिकडे गेल्यावरही ऐकत राहिले. शिट्टीही त्यातच ऐकली होती, फोनवर नाही. कुलपांचं ऐकलं. सूचना ऐकली. तिकडे कोणी ऐकतं का, असं तुम्ही विचारलंत ना? मी ऐकत होते, बाबा. मीच."